सरड्यांसाठी पाचट

लालासाहेबाला सरड्यांकडून काय मिळणार होतं, ते आधी सांगतो. त्याची नात प्रांजल साताऱ्याला असते, सहावीत शिकते. आष्ट्याला आजोबांकडे ती वर्षातून सहा रात्री राहायची. दिवाळीत दोन, मे महिन्यात तीन आणि गणपतीला आलीच तर एक. हा हिशेब लालासाहेबाला तोंडपाठ होता. मग परसात सरडे आले आणि गेल्या दिवाळीत पोरगी नऊ रात्री राहिली. जाताना आपल्या तोंडानं म्हणून गेली, "आबा, मे महिन्यात मी महिनाभर राहणार." सहाच्या जागी चाळीस. एवढ्या फायद्यासाठी माणूस सरडेच काय, मगर पाळील.

मी नानासो, लालासाहेबाचा शेजारी. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बत्तीस वर्षं काढली. भरलेली गाडी तोलायची, रिकामी तोलायची, वजाबाकी उरेल तो ऊस. ती सवय अंगात मुरली. कोण कशासाठी काय करतोय हे मला सहसा कळतं. लालासाहेब म्हणजे लष्करातून सुभेदार होऊन आलेला माणूस, सरळ. काट्यावर गाडीत दगड घालून आणणारे मी खूप पाहिले, हा त्यातला नव्हे. म्हणूनच पुढं जे झालं त्यातला माझा वाटा मला मोठा वाटतो.

सुरुवात अशी झाली. दिवाळीत प्रांजल मोबाइलला रेंज मिळते का बघत परसात गेली. तिथं पपई, शेवगा, जास्वंद आणि न्हाणीच्या पाण्यावर वाढलेला अळू. पपईच्या खोडाला एक सरडा डोकं खाली करून चिकटला होता. त्यानं तिच्याकडं बघून मान वरखाली केली. आमच्याकडं सरड्यानं मान हलवली की पोरं दगड उचलतात, तो वेडावतो म्हणून. मीही लहानपणी उचललेत. ही पोरगी मात्र खाली बसली आणि तासभर उठली नाही.

तिची आजी मनुबाई स्वयंपाकघराच्या दारातून ओरडली, "आगं ऊठ तिथनं! अंगावर उडी घेईल त्यो."

"आजी, तो मुंग्या खातोय. एका मिनिटात सतरा खाल्ल्या."

"खाऊ दे की. तू कशाला त्याच्या पंगतीला बसलीस?"

दुसऱ्या दिवशी धुण्याच्या दगडाखालून सापसुरळी निघाली, सोनेरी, तुळतुळीत. मनुबाईनं खराटा उचलला.

"आजी, मारू नकोस! ती बिनविषारी असते."

"सापाची मावशी हाय ती. चावली तर पाणी मागायला सवड देत न्हाई."

"पुस्तकात लिहिलंय, आजी."

"पुस्तकाला काय जातंय लिहायला? चावणार मला."

पण खराटा खाली ठेवला. नातीपुढं मनुबाईचं चालत नाही. लालासाहेबाचं तर नाहीच.

साताऱ्याला जाताना प्रांजलनं आजोबांना वहीचं एक पान लिहून दिलं. भाजीवर औषध मारायचं नाही. पालापाचोळा झाडून पेटवायचा नाही. कोपऱ्यात दगडांची रास करायची, उथळ परळीत पाणी ठेवायचं आणि दर रविवारी सकाळी दहा वाजता सगळे मोजून फोटोसकट आकडा पाठवायचा. शाळेत तिचा निसर्गप्रकल्प होता. 'आमच्या बागेतले सरडे.' शाळेचं वर्ष संपताना प्रदर्शन.

वरून आलेला हुकूम लालासाहेबानं नोकरीत असतानाही इतक्या आनंदानं पाळला नसेल. मी रोज सकाळी त्याच्याकडं चहाला जातो. जावं तर हा गुडघ्यावर हात ठेवून दगडांच्या राशीपुढं वाकलेला.

"काय सुभेदार? सरड्यांची परेड घेतोस व्हय?"

"हळू बोल रं. सात मोजल्यात. आठवा दगडामागं हाय."

"सहा तरी माझ्या बांधावरनं आलेत. भाडं कुणाकडं मागू?"

"नानासो, तुला चा पायजे का न्हाई?"

पाहिजे होता. मी गप्प बसलो.

जानेवारीत त्याला एक खूळ सुचलं. परसाच्या मागं बांध आणि बांधाला लागून त्याचाच अर्धा एकर ऊस. सरडे, सापसुरळ्या उसातून परसात ये-जा करायच्या. मधल्या मोकळ्या जागेत एकदा घारीनं एक सरडा उचलला. लालासाहेबाच्या ते जिव्हारी लागलं.

"उघड्यावरनं मूव्हमेंट झाली की असंच हुनार," तो म्हणाला. "कव्हर पायजे."

शेजारच्या रानाला तोड लवकर आली होती. तिथलं पाचट, म्हणजे तोडणीनंतर रानात पडतो तो उसाचा वाळका पाला, त्यानं डोक्यावर वाहून आणलं. उसाच्या कडेपासून बांधावरून थेट दगडांच्या राशीपर्यंत हातभर रुंद, ढोपराएवढा उंच पट्टा घातला. चार दिवस राबला. मनुबाई म्हणाली, "माझ्या लग्नात तुमच्याकडनं मांडवसुदिक धड झाला न्हवता. आन सरड्यांस्नी पायघड्या!"

पायघड्या सरड्यांना आवडल्या. महिन्याभरात आकडा आठवरून चौदावर गेला. चार सापसुरळ्या, दहा सरडे. प्रांजल साताऱ्याहून फोनवर ओरडली, "आबा, यू आर जीनियस!" लालासाहेबानं ते वाक्य मला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "त्याचा अर्थ तरी ठावं हाय का?" तर म्हणाला, "अर्थ कशाला पायजे? आवाज ऐकला न्हवं मी."

फेब्रुवारीच्या शेवटी लालासाहेबाच्या उसाला तोड आली. ऊसतोड टोळीनं बुधवारी ऊस साफ केला. पाण्याची पाळी शुक्रवारी होती. आमच्याकडं पाळी चुकली की पुढची पंधरा दिवसांनी, तोवर खोडव्याचे, म्हणजे तोडलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसाचे, कोंब वाळतात. पाचट तसंच कुजवावं, जाळू नये, असं शेतीखात्याचे लोक सांगतात. आम्ही मान हलवतो आणि जाळतो. आमचे बाप जाळायचे. पाण्याआधी रान मोकळं हवं, म्हणून गुरुवारी संध्याकाळी वारा पडल्यावर पेटवायचं ठरलं.

लालासाहेबानं पद्धतशीर काम केलं. पलीकडच्या उभ्या उसाच्या बाजूनं पाचट ओढून घेतलं, चर मारला, ओली पोती तयार ठेवली. मी विळा घेऊन मदतीला होतो. तिन्ही बाजू आम्ही दोनदोनदा फिरून पाहिल्या. चौथी बाजू परसाची. तिकडं बांध होता, आणि जाळानं कधी बांध ओलांडला नव्हता. इतक्या वर्षांत एकदाही नाही.

यंदा बांधावर पाचट होतं. लालासाहेबानं स्वतः घातलेलं.

दोघांच्याही ते ध्यानात आलं नाही. लालासाहेबानं काडी लावली, आम्ही परसाकडं पाठ करून उभे राहिलो, त्यानं तंबाखू मळली. मागं मनुबाईची हाक आली तेव्हा पट्टा अर्धा पेटला होता. कोरडा, ढोपरभर, मधून पोकळ. वातीसारखा सरळ राशीकडं गेला. आम्ही पोती घेऊन पळालो. सत्तरीतली दोन माणसं, पळणार किती? राशीपाशी पोचलो तेव्हा दगड तडतडत होते.

जाळ लागला की सरडा बाहेर पळत नाही. आत, दगडाखाली शिरतो. ते मला त्या दिवशी कळलं.

आग विझल्यावर लालासाहेबानं एकेक दगड बाजूला केला. मी म्हटलं, "राहू दे आता." त्यानं ऐकलं नाही. अकरा निघाले. उरलेले तीन पळाले असतील, असं आम्ही एकमेकांना म्हणालो. मनुबाई तांब्या घेऊन आली. ज्यांच्यावर खराटा उगारला होता त्यांच्यावर तिनं हातानं थोडं थोडं पाणी शिंपडलं. "भाजलेला जीव हाय," एवढंच म्हणाली. मग लालासाहेबानं शेवग्याखाली खड्डा घेतला.

शुक्रवारी पाळी मिळाली. पाणी व्यवस्थित बसलं.

शनिवारी चहाला गेलो तर लालासाहेब फोन हातात धरून बसलेला. "उद्या रविवार," तो म्हणाला. "पोरीला काय सांगू?"

आता इथं मी जे बोललो ते जसंच्या तसं लिहितो, कारण नंतर मी ते मनातल्या मनात बऱ्याचदा सौम्य करून पाहिलंय.

मी म्हटलं, "काय सांगायचं न्हाई. खरं सांगितलंस तर मे महिना गेला म्हणून समज. पोरगी परत पाय ठेवणार न्हाई. मे यायला दोन महिनं हायती. तोवर बांधावरनं नवीन येतील, सरड्यांचा काय दुष्काळ हाय व्हय आपल्याकडं? तुझ्याकडं जुनं फोटो पडल्यात. दर रविवारी एक टाक. कोण ताडून बघतंय?"

"खोटं?"

"खोटं कसलं? सरडं खरं, बाग खरी. तारीख तेवढी मागंपुढं."

मनुबाई चुलीपाशी होती, तिनं वर न बघता सांगितलं, "मी खोटं बोलायची न्हाई. पोरीनं इचारलं न्हाई तर सांगायचीबी न्हाई. पर तिनं इचारलं तर माझ्याकडं बघू नगा."

रविवारी दहा वाजता फोटो गेला. आकडा चौदा.

मला वाटलं होतं, एक फोटो टाकला की विषय मिटला. पण प्रांजल प्रश्न विचारायची. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिनं विचारलं, "आबा, आता नरांचा गळा लाल व्हायला लागला असेल ना? पुस्तकात लिहिलंय." फोन स्पीकरवर होता. लालासाहेबानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, हो म्हण म्हणून.

"व्हय. जरा जरा लाल दिसतोय."

"किती जणांचा?"

तो पुन्हा माझ्याकडं बघायला लागला. मी तीन बोटं दाखवली.

"तिघांचा."

तिकडं पेन्सिल चालल्याचा आवाज आला. ती बोलता बोलता लिहून घेत होती.

तिसऱ्या रविवारी दोघं भांडताना दिसले. चौथ्या रविवारी एक सापसुरळी कात टाकताना सापडली. पाचव्याला आकडा सोळा झाला, कारण चौदावर फार दिवस थांबलं तर संशय येईल असं मला वाटलं. काट्यावर मी बत्तीस वर्षांत एका गाडीचं वजन फिरवलं नाही. इथं पाच आठवड्यांत अख्खी बाग फिरवली, आणि त्यात मला मजाही येत होती. हे सांगायला लाज वाटते, पण मजा येत होती.

लालासाहेबाला येत नव्हती. तो सकाळी परळीत पाणी भरायचा, संध्याकाळी ते तसंच अळूला ओतायचा. नवीन सरडा एकही आला नाही. काळ्या दगडांकडं कोण येतंय? एकदा म्हणाला, "नाना, तिनं प्रदर्शनात हे मांडायचं म्हंजे आपण तिच्या तोंडनं बोलतोय की रं." मी म्हटलं, "सहावीचं प्रदर्शन हाय ते, कोर्ट न्हवं. चा घे, थंड झाला."

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात प्रदर्शन होतं. प्रांजलचा बाप जयराज गाडी पाठवतो म्हणाला. लालासाहेब नको म्हणाला, एसटीनं येतो. मलाही चल म्हणाला. इस्लामपूर, कऱ्हाड करत साताऱ्याला पोचलो. मनुबाई आली नाही. "पोरगी माझ्याकडं बघंल," म्हणाली.

शाळेच्या हॉलमध्ये प्रांजलचं टेबल खिडकीपाशी होतं. मागं मोठा तक्ता. रविवारचे आकडे, रेघ वर वर चाललेली, आठपासून सोळापर्यंत. मधोमध लालासाहेबाचा फोटो, पाचट घालताना, डोक्याला टॉवेल. खाली लिहिलं होतं, 'माझे संशोधक सहकारी.' आम्ही दिसताच ती धावत आली. लालासाहेबाच्या पाया पडली, माझ्याही पडली.

मग तिनं टेबलावरचा गठ्ठा दाखवला. "आबा, सरप्राइज! पपांनी छापून आणली. चाळीस आहेत. सव्वीस वाटली सुद्धा."

ती पत्रकं होती. वर हिरव्या अक्षरात: तुमच्याही बागेत सरड्यांचं स्वागत करा. खाली चित्रासह कृती. उसाचं पाचट किंवा वाळलेला पाला घ्या. शेतापासून बागेतल्या दगडांपर्यंत ढोपरभर उंच पट्टा घाला. सरड्यांना सुरक्षित रस्ता मिळेल. आमच्याकडे दुप्पट झाले.

लालासाहेबानं पत्रक डोळ्यांपासून लांब धरून वाचलं. मग पुन्हा वाचलं. मी नजर खिडकीकडं वळवली.

तेवढ्यात मेढ्याकडचे एक पालक टेबलापाशी आले. पांढरी टोपी, साधा शेतकरी माणूस, हातात पत्रकाची घडी. "बाळ, आमच्याकडं ऊस न्हाई. भाताचा पेंढा हाय ढीगभर. त्यो चालंल का? आमची धाकटीबी लय मागं लागलीय."

"चालेल की, काका. वाळलेलं काहीही चालतं. माझ्या आजोबांकडे जानेवारीपासून आहे. हे बघा, हेच माझे आबा. त्यांनाच विचारा ना."

त्यांनी विचारलं. "काय आबा? पेंढा घालू का?"

वर्गशिक्षिका उत्कर्षा मॅडम बाजूलाच होत्या, त्यांनीही कौतुकानं बघितलं. मी मनात म्हणत होतो, हो म्हण, गड्या, हो म्हणून टाक, आपण नंतर बघू.

"घालू नगा," लालासाहेब म्हणाला.

"आबा?"

"पेटतं ते. माझं पेटलं." मग तो प्रांजलकडं वळला. वाकला नाही, तिच्या खांद्यावर हात ठेवला नाही. वरिष्ठांपुढं उभं राहून सांगतात तसं सांगितलं. "फेब्रुवारीत मी पाचट जाळलं. पट्ट्यावरनं जाळ राशीत गेला. तुझं सरडं मेलं, पोरी. अकरा माझ्या हातानं पुरलं."

हॉलमध्ये बाकीचा गलका चालूच होता.

प्रांजलनं तक्त्याकडं बघितलं. "पण फोटो..."

"जुनं हुतं."

"गळा लाल झालेले तीन?"

"न्हवतं तसलं काय."

"सोळा?"

"न्हाई. एकबी न्हाई."

मला वाटलं ती रडेल. रडली असती तर बरं झालं असतं. मी खिशात रुमालसुद्धा चाचपला. तिनं टेबलावरचा जाड लाल पेन घेतला, खुर्चीवर चढली आणि तक्त्यावरचे शेवटचे पाच रविवार एकेक करून खोडले. रेघ चौदावर तुटली. मग उतरली आणि विचारलं, "आबा, जुने फोटो टाकायचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी लालासाहेबाच्या शेजारीच होतो. हातभर अंतरावर.

"कुणी न्हाई," तो म्हणाला. "माझं मीच."

"का पण?"

"तू यायची बंद हुशील म्हणून."

ती वळली. उत्कर्षा मॅडमना म्हणाली, "मॅडम, माझा प्रकल्प परीक्षकांना दाखवू नका. आकडे खोटे आहेत." आणि पत्रकं परत घ्यायला निघाली. सव्वीस पत्रकं, तेवढा मोठा हॉल. एकेका माणसाला गाठून सांगत होती, "काका, माझं चुकलंय, ते परत द्या. मावशी, असं करू नका, आग लागते." माझं चुकलंय, म्हणत होती. लालासाहेब तिच्यामागं दोन पावलं ठेवून चालत होता. तिनं त्याला ये म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही. मेढ्याच्या पाहुण्यांनी घडी उलगडून तिच्या हातात दिली आणि टोपी सारखी करत निघून गेले.

तेवीस मिळाली. तीन लोक घरी गेले होते. त्या तीन घरांत काय झालं, कुणी पट्टा घातला की पत्रकात भजी बांधली, ते मला कळलेलं नाही. उन्हाळ्यात कुठं गंजी पेटल्याची बातमी वाचली की मी गावाचं नाव आधी बघतो.

मे महिन्यात प्रांजल आली. महिनाभर नाही आणि नेहमीच्या तीन रात्रींसाठीही नाही. बापाबरोबर सकाळी आली, काळे दगड आजोबांसोबत वेगळे रचले, बांधापासून दहा पावलं लांब, मध्ये पाण्याचा चर काढून घेतला आणि संध्याकाळच्या गाडीनं गेली. लालासाहेबाशी बोलली, पण तुम्ही आम्ही बोलतो तसं, कामापुरतं. जाताना आजीला मिठी मारली.

निघायच्या आधी ती माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. मी कट्ट्यावर बसलो होतो.

"नाना आजोबा, एक काम कराल? दर रविवारी तुम्ही मोजाल का? तुम्ही काट्यावर होता ना. आबांचे आकडे मला आता..." वाक्य तिनं तसंच सोडलं.

लालासाहेब दारात उभा होता. त्यानं ऐकलं. माझ्याकडं बघितलं आणि आत गेला.

मी "हो" म्हणालो.

तेव्हापासून दर रविवारी मी मोजतो. खरे मोजतो. बहुतेक वेळा शून्य असतं, मागच्या महिन्यात एकदा एक दिसला. आकडा पाठवला की तिचं उत्तर येतं, 'थँक्यू, नाना आजोबा. तुमच्यावर विश्वास आहे.' लालासाहेब शेजारी बसून चहा पितो आणि ते उत्तर मला मोठ्यानं वाचायला सांगतो. टोमणा म्हणून नव्हे. तिचं अक्षर न् अक्षर त्याला ऐकायचं असतं, म्हणून. मी वाचतो. शेवटचं वाक्य सोडून वाचतो.

तर कुणी काय भरलं. सरड्यांनी जीव भरला, अकरांनी नक्की, तिघांचं माहीत नाही. प्रांजलनं आपले पाच रविवार आणि भरल्या हॉलमध्ये तेवीस माणसांपुढं मागितलेली माफी भरली, जी तिची नव्हतीच. लालासाहेबानं नात भरली. सल्ला माझा होता, तीन बोटं माझी होती, सोळा हा आकडा माझा होता. माझ्या वाट्याचं लालासाहेबानं दोन शब्दांत फेडून टाकलं, आणि मी शेजारी उभा राहून ते फेडू दिलं.